इकोस्पोर्ट, एक लिटर इकोबूस्ट : बिघाड आणि देखभालखर्च

फोर्ड कंपनीच्या इकोस्पोर्ट या छोट्या क्रॉसओव्हर मोटारीची टर्बो पेट्रोल आवृत्ती. मूळची इकोस्पोर्ट २००३ मध्ये ब्राझीलमध्ये निघाली. दुसरी पिढी जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवण्यात आली आणि जून २०१३ पासून भारतात विकली जाऊ लागली. चेन्नईजवळच्या मरैमलैनगर कारखान्यातून ती युरोपला, आणि २०१८ पासून अमेरिकेलाही जात असे. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातले मोटारउत्पादन थांबवण्याचे जाहीर केले आणि निर्यातीच्या मागण्या पुऱ्या करून २०२२ च्या मध्यात हा कारखाना बंद झाला. आज ही गाडी सेकंडहँडच मिळते, म्हणून तिच्या दुखण्यांची माहिती घेणाऱ्याला आधी असलेली बरी.

तिचे इंजिन ९९९ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि टर्बोचार्जरच्या जोरावर १२५ पीएस शक्ती व १७० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या मोजणीत लिटरला १८.९ किलोमीटर पडत. ए-फोर कागदावर मावेल एवढाच ब्लॉक, अशी कंपनी जाहिरात करी. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे या इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला. अर्थात परीक्षकांना गाडी दहा वर्षे वापरावी लागत नाही. भारतात आकाराचा आणखी एक फायदा होता. चार मीटरांच्या आतल्या मोटारींना मिळणारी अबकारी करातली सवलत पेट्रोल इंजिन १,२०० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे नसेल तरच मिळे. दीड लिटर पेट्रोलवाली इकोस्पोर्ट त्यात बसत नव्हती, इकोबूस्ट बसत होती. तरीही ही आवृत्ती थोडी खपली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती वगळली गेली, २०१८ मध्ये ‘एस’ या नावाने परतली आणि बीएस-६ मानके येताच कायमची गेली.

टर्बो म्हणजे बिघाडाचे घर, असा सर्वसाधारण समज आहे. या गाडीत टर्बो बहुधा आपणहून मरत नाही, मरतो तो ऑइलच्या उपासमारीने. खरे दुखणे बेल्टचे आहे. एरवी टायमिंग बेल्ट इंजिनाबाहेर कोरडा फिरतो; ऑइल लागले की खराब होतो म्हणून मेकॅनिक त्याला ऑइलपासून जपतात. या इंजिनात तो आतच, ऑइलमध्ये भिजत फिरतो. घर्षण कमी होते, आवाज दबतो, इंधन थोडे वाचते. ऑइल पंप चालवायलाही असाच दुसरा छोटा बेल्ट आहे. टायमिंग बेल्टचे आयुष्य ब्रिटनमध्ये दहा वर्षे किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटर सांगितले गेले. ऑइल ठरलेल्या दर्जाचे आणि स्वच्छ असेल, ही त्यामागची अट होती. ती ग्राहकाला कोणी ठसवून सांगितली नाही.

थेट फवारणीच्या इंजिनात, ते थंड असताना, थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून रिंगांपलीकडे जाते आणि ऑइलमध्ये मिसळते. गाडी तासभर सलग धावली तर ते उडून जाते. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढेच फिरणे असेल तर उरते. अशा पेट्रोलमिश्रित ऑइलमध्ये बेल्टचे रबर मऊ पडून फुगते, त्याला भेगा जातात, दात सुटू लागतात. सुटलेला चुरा ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर साठतो आणि ऑइलचा दाब घसरतो. मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला पहिला फटका बसतो, मग क्रँकशाफ्टला. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यावर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणत गाडी दामटली की इंजिन सीज.

डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत २०१८ ते २०२२ या मॉडेल-वर्षांच्या इकोस्पोर्ट आणि २०१६ ते २०१८ च्या फोकस मिळून सुमारे १,४०,००० गाड्या परत बोलावल्या. ऑइल पंपाच्या बेल्टचे दात झडणे किंवा टेन्शनर तुटणे, हे कारण होते. दाब गेला की इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही जाऊ शकते, असा इशारा त्यात होता. युरोपातल्या नंतरच्या आवृत्तीत फोर्डने टायमिंगसाठी चेन घातली. पंपाचा बेल्ट मात्र ऑइलमध्येच ठेवला. हे दुखणे एकट्या फोर्डचे नाही. प्यूजो २००८ मधल्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनातही हाच प्रकार घडला आणि २०२४ मध्ये प्यूजोच्या मालक कंपनीला, स्टेलांटिसला, युरोपात दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी घ्यावी लागली.

बेल्ट बदलणे नाक्यावरच्या फिटरचे काम नाही. क्रँकशाफ्टच्या पुलीला चावी नसते. ती प्रचंड ताकदीने आवळलेल्या बोल्टवर आणि घर्षणाच्या वॉशरवरच धरलेली असते. टायमिंग जुळवून रोखून ठेवण्याची खास हत्यारे नसतील तर नवा बेल्ट घालूनही व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे. दोन्ही बेल्ट, टेन्शनर, सील आणि ऑइल संप उघडून जाळीची सफाई, हे सगळे एकाच वेळी करावे. नुसता टायमिंग बेल्ट बदलून पंपाचा तसाच ठेवणे ही काटकसर महागात पडते.

दुसरे मोठे बिल पाण्याचे. ब्लॉक छोटा, उष्णता फार आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला. कूलंट थोडे कमी झाले तरी हेड तापून वाकते. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या फोकस गाड्यांत कूलंटची नळी फुटून इंजिने गेली, तेव्हापासून या इंजिनाची बदनामी सुरू झाली. टाकीतले कूलंट वारंवार उतरत असेल तर वरून भरत राहू नये, गळती शोधावी. बाकी तक्रारी किरकोळ आहेत : इनटेक व्हॉल्व्हवर साठणारा कार्बन, मिसफायर करणाऱ्या इग्निशन कॉइल, झिजलेल्या माउंटमुळे बंद सिग्नलवर जाणवणारी थरथर. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर एकदम अॅक्सिलरेटर दाबू नये. छोट्या टर्बो इंजिनात त्याने ठोके बसतात. भारतात इकोबूस्टला मॅन्युअल गिअरबॉक्सच मिळाला, त्यामुळे दीड लिटर ऑटोमॅटिकला छळणाऱ्या ड्युअल क्लचपासून तिचे मालक वाचले.

कागदोपत्री खर्च हलका आहे. १,००० घन सेंटिमीटरच्या आतले इंजिन असल्याने थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा वार्षिक दर २,०९४ रुपये. दीड लिटरवालीला ३,४१६. पेट्रोलचा खर्च मात्र जाहिरातीशी जुळत नाही. टर्बो वापरला की तो पितो, आणि १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी (ई-१०) जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर (ई-२०) ६ ते ७ टक्के घटेल असा नीती आयोगाच्या अहवालाचाच अंदाज आहे. सुट्या भागांपैकी फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शन यांची ददात नाही, कारण ते इतर इकोस्पोर्टांनाही लागतात. अडते ते फक्त इकोबूस्टच्या भागांवर : टर्बो, उच्चदाब पंप, इंजेक्टर, बेल्टचा संच. गाडीच मुळात थोडी खपल्याने भंगारातही तिचे इंजिन सहजी सापडत नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर ऑइल फोर्डच्या ९४८-बी दर्जाचेच घालावे आणि १०,००० किलोमीटर किंवा वर्ष यांपैकी जे आधी येईल त्याच्याही अलीकडे बदलावे. मुंबई-पुण्याच्या रहदारीत इंजिन चालू राहते आणि किलोमीटर पडत नाहीत, त्यामुळे मीटरवर विसंबू नये. २०१३ ची गाडी किती का कमी पळालेली असेना, तिच्या बेल्टची दहा वर्षे २०२३ मध्येच भरली. विकणारा ‘फक्त चाळीस हजार चालली आहे’ असे कौतुकाने सांगतो तेव्हा ती छोट्या छोट्या फेऱ्यांत चालली का, हे विचारावे. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर त्या कामाचा अंदाज आधी गॅरेजमधून लेखी घ्यावा आणि तो आकडा सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.