खाटेला सुट्टी नव्हती

भिवंडीतल्या ढेकणांचा इतिहास लिहायचा तर तो यंत्रमागांपासूनच सुरू करावा लागेल. आमच्या मागच्या खोल्या वडील मागवाल्यांना भाड्याने देत. कोणी आझमगडकडचा, कोणी तेलंगणातला, नात्यातले लोक इथल्याच तेलुगू वस्तीत, पद्मानगरात असलेला. खोलीत खाटा चार, माणसं आठ. पाळी बारा तासांची. दिवसपाळीवाला उठून कारखान्यात गेला की रात्रपाळीवाला येऊन त्याच अंथरुणावर आडवा. जेवण भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, त्यामुळे खोली फक्त झोपण्यापुरती.

ढेकूण रात्री निघतो म्हणतात, पण त्याला घड्याळ कळत नाही. झोपलेल्या माणसाची ऊब आणि श्वास त्याला कळतो. पाच-दहा मिनिटांत पोट भरून तो खाटेच्या सांध्यात परततो आणि उपाशी राहायची वेळ आली तर कित्येक आठवडे, महिनेही तग धरतो. आमच्या भाडेकरूंनी ती वेळच येऊ दिली नाही.

आमच्या घरात मात्र आजीचा कारभार होता. उन्हाळ्यात खाटा अंगणात येत. सुंभ सैल करून, खाट उलटी आपटून, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. मग कोंबडीच्या पिसाने रॉकेल. हे सगळं जमे, कारण खाट दिवसभर उन्हात ठेवता येई. मागच्या खोलीतली खाट बाहेर काढायची तर आधी तिच्यावरच्या माणसाला उठवावं लागे, आणि तो रात्रभर मागावर उभा राहून आलेला असे.

मग डी.डी.टी. आलं. या पावडरीने किडे मरतात हे पाउल म्यूलर यांनी 1939 मध्ये दाखवलं, 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे 1953 मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचंच निर्मूलन मोहिमेत रूपांतर झालं. फवारणीवाले पंप घेऊन यायचे, भिंती पांढुरक्या करून दारावर तारीख लिहून जायचे. फवारणी होती डासांसाठी. मेलेला डास कोणाला दिसतो? लोकांनी दारं उघडली ती ढेकूण पटापट पडले म्हणून, असं माझं मत आहे. हिवतापाचा आकडा मात्र खरंच कोसळला: 1947 च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण मानले जात, 1965 पर्यंत ते लाखाच्या आसपास आले.

पण ढेकूण शिकले. हवाईतल्या पर्ल हार्बरला, नौदलाच्या बराकीत, 1947 मध्येच डी.डी.टी. पचवणारे ढेकूण सापडले होते. बराक म्हणजे काय, शेवटी आमच्या मागच्या खोलीसारखीच दाटीची जागा. पुढे आपल्याकडेही तेच झालं. औषधाने मरेनासे झालेले ढेकूण नुसते चवताळून भिंतीतून बाहेर पडत. आई फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवू लागली: "तुमच्या औषधाने वाढतात हो!" शेजारणींनी तर फवारलेल्या भिंतींवरून पुन्हा शेणाचा हात फिरवला. ढेकणांविषयी आईचं फारसं चुकत नव्हतं, पण डासांना मोकळं रान मिळालं. 1976 मध्ये देशात हिवतापाचे रुग्ण पुन्हा 64 लाखांच्या वर गेले.

त्यानंतर घरोघरी टिक-ट्वेंटी हे ढेकणांचं विषारी औषध. ती बाटली आई कुलपात ठेवी. वर्तमानपत्रांत तिचं नाव आत्महत्येच्या बातम्यांतही येत असे.

आता मागच्या खोल्यांत मानकोली, पूर्णा भागातल्या गोदामांत काम करणारी पोरं राहतात. खाटा लोखंडी झाल्या, पाळ्या तशाच. परवा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने दर सांगितला, पंधरवड्याने दुसरा हात मारावा लागेल म्हणाला, कारण अंडी औषधाला दाद देत नाहीत. मग विचारलं, खोली किती तास रिकामी मिळेल? पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी त्यातला एक म्हणाला, "ईदला बघू, तेव्हा निम्मे गावी जातात."