निमित्त आणि कारण : सायप्रसच्या एका रोगाचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस झाडांच्या रोगावर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण 'कारण म्हणजे काय' हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं, आणि ते नीट कळलं ते एका कुंडीमुळे.

निवृत्तीनंतर आम्ही सोनेरी सायप्रसची दोन रोपं घरी आणली. बाजारात ज्याला गोल्डक्रेस्ट म्हणतात ते. पावसाळ्यात ती खालून तपकिरी पडू लागली. वाळतायत असं वाटून आम्ही पाणी वाढवलं. मग बुरशी असेल म्हणून औषध फवारलं, एकदा नाही, तीनदा. दोन्ही रोपं गेली. कुंडी उलटी केली तर मुळं काळी पडलेली आणि कुजका वास. मुळकूज! कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. आणि आम्ही बुडणाऱ्याला पाणी पाजत होतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. सायप्रस म्हणजे फारसीतला 'सर्व', मोगल बागांतला सरू. आपल्या कोकण किनाऱ्यावरचं सुरूचं बन ते वेगळं. त्याचं कूळच निराळं. आमच्या कुंडीतल्या झाडाचं मूळ गाव कॅलिफोर्नियात. मॉन्टेरे सायप्रस हा वृक्ष नैसर्गिकरीत्या फक्त कार्मेलजवळच्या दोन लहानशा राईंत उगवतो : सायप्रस पॉइंट आणि पॉइंट लोबोस. थंड समुद्र, धुकं, खारा वारा, निचऱ्याची खडकाळ जमीन. एवढंच त्याचं जग.

पण झाड भराभर वाढतं, कुंपणाला छान. म्हणून एकोणिसाव्या शतकात लोकांनी ते किनाऱ्यापासून दूर, उष्ण आणि कोरड्या भागातही भरपूर लावलं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही लागवड मरू लागली. विलिस वॅगनर या वनरोगतज्ज्ञाने १९२८ साली या रोगाची नोंद प्रसिद्ध केली आणि १९३९ मध्ये बुरशीला नाव दिलं. आज तिला सेरिडियम कार्डिनाले म्हणतात. ती सालीच्या जखमेतून शिरते. तिथली साल लालसर तपकिरी होऊन खचते, राळ ओघळते, आणि चट्ट्याने फांदीला पूर्ण वेढा घातला की पुढची फांदी वाळते. यालाच कॅन्कर म्हणतात.

म्हणजे कारण सापडलं! असं वाटतं खरं. पण बघा, आतल्या उष्ण भागातली लागवड उद्ध्वस्त होत असताना किनाऱ्यावरची, धुक्यातली झाडं बरीचशी वाचली. जात तीच, बुरशीही तीच. मग फरक कुठला? जागेचा. आपलं न्यायशास्त्र कापडाची तीन कारणं सांगतं : सूत हे समवायी, सुतांचा संयोग हे असमवायी आणि विणकर हे निमित्त. नुसत्या विणकराने कापड होत नाही. तसा नुसत्या बुरशीने रोग होत नाही. झाडाची जात, हवा-जमीन आणि बुरशी ही तिन्ही जुळावी लागतात. बुरशी हे निमित्त. खरंच निमित्त, पण एकटी नव्हे.

हीच बुरशी पुढे युरोपात पोचली. १९४४ साली फ्रान्समध्ये आणि १९५१ साली इटलीत फ्लॉरेन्सला तिची नोंद झाली. टस्कनीचा डोंगर आणि सायप्रसची रांग हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. तिथल्या बोल्गेरी गावाचा सायप्रसचा रस्ता जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. १९०६ चं नोबेल मिळवणाऱ्या कार्दुच्ची या कवीने त्यावर कविता लिहिली. असा देखावा मरू लागला तर लोकांनी काय करावं? रोगट फांद्या आणि झाडं तोडून जाळली, कारण सालीखाली वाढणारे भुंगेरे बुरशीचे बीजाणू निरोगी झाडांवर नेत होते.

त्याबरोबर फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. झाडांच्या सालीला मुद्दाम जखम करून त्यात बुरशी घालायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. अगदी थोडी झाडं टिकली. त्यांच्या कलमांपासून वाण झाले. एकाचं नावच 'बोल्गेरी'. आता गंमत अशी, की या झाडांना लागण होत नाही असं नाही. लागण होते, पण झाड जखमेभोवती नव्या पेशींची भिंत उभारतं आणि बुरशीला तिथेच कोंडतं. आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव, ही व्याख्या आम्ही तेव्हापासून सोडली.

मग घरच्या झाडाचं काय करायचं? औषध विचारण्याआधी तपकिरी रंग कुठून सुरू झाला ते पाहा. आतली, खोडाजवळची जुनी पानंच तपकिरी होऊन गळत असतील, तर तो बहुधा झाडाचा नेहमीचा क्रम आहे. हात लावू नका. हिरव्या झाडात एकच फांदी वाळली असेल, तर ती खाली खाली तपासत जा. खचलेली साल आणि राळ दिसली तर कॅन्करचा संशय घ्या. चट्ट्याच्या बऱ्याच खाली, निरोगी लाकडात, कोरड्या दिवशी कापा, कात्री निर्जंतुक करा, फांदी जाळून टाका. इथे फवारणीने झाड बरं होत नाही. पानं चिकट, काळपट झाली असतील तर मावा शोधा. आणि सगळंच झाड मलूल होत असेल, तर वर पाहू नका, मातीत बोट घाला. वाफसा आहे की चिखल?

एक लक्षात ठेवा, सायप्रसच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडाला सहसा पुन्हा फूट येत नाही. चुकीचं निदान करून कात्री चालवली, तर ती जागा कायमची उघडी राहते.

आम्ही 'हा कोणता रोग?' असं आधी विचारलं. 'हे झाड कुठलं, आणि आपण ते कुठे आणून ठेवलंय?' हा प्रश्न आमच्या मनात आला तो कुंडी उलटी केल्यावर. तुम्ही तो आधी विचारा, एवढीच विनंती.