गोठ्यातली मेणबत्ती

३ फेब्रुवारीला मुंबईतल्या अंबोलीच्या आमच्या देवळाचा सण. मिस्सा संपली की फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावत, आणि आम्ही पोरं मेण मानेवर सांडेल म्हणून आक्रसून उभी. मेणबत्त्या पेटवलेल्या तरी असत का, आता धड आठवत नाही.

देऊळ पोर्तुगीज काळातलं, संत ब्लेजचं. आजी त्याला ‘सां ब्राज’ म्हणे. आम्हाला ठाऊक तो काट्याचा संत: एका पोराच्या घशात माशाचा काटा अडकला, त्याला यानं वाचवलं. काटेरी भिंग मासा खाणाऱ्या घराला असा संत हवाच!

आजी मात्र मेणबत्तीचा एक तुकडा लुगड्याच्या पदराला बांधून आणायची आणि चहाही न घेता थेट गोठ्यात जाऊन बैलांच्या गळ्यांवरून फिरवायची. धास्ती घटसर्पाची. पोरांचा घसा धरतो तो घटसर्प, आणि पावसाळ्यात बैलाचा गळा सुजवून एका रात्रीत त्याला नेतो तोही घटसर्पच. डॉक्टर म्हणतील, रोग दोन. आजीच्या लेखी नाव एक, तर औषधही एक. कुणी हसलं की म्हणे, “मुक्या जनावराला गळा नाय काय?” पुढे ढोरांचा डॉक्टर लस टोचायला येऊ लागला, तर त्यालाही तिनं आमचे तळलेले फुगे खाऊ घातले.

तिची गोष्टही गोठ्याचीच. सां ब्राज डोंगरातल्या गुहेत राहायचा. दुखणाईत जनावरं दाराशी येऊन बसत, त्यानं हात ठेवल्याशिवाय हलत नसत. एका गरीब विधवेचं डुक्कर लांडग्यानं पळवलं, संतानं दटावताच मुकाट परत आणून सोडलं. आजीच्या तोंडी मात्र लांडगा नाही, वाघ. आमच्या बाजूच्या रानात लांडगा पाहिला होता कुणी? पुढे संताला पकडलं, तेव्हा तीच विधवा तुरुंगात त्याच्यासाठी मेणबत्त्या घेऊन गेली. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्याचं अंग ओरबाडलं, तो भाग आजी भराभर उरकायची.

हा आजच्या तुर्कस्तानातल्या सेबास्तचा बिशप, वैद्यही होता आणि इ.स. ३१६च्या सुमारास मारला गेला, हे मी फार उशिरा वाचलं. गोव्यात गवंडाळीला त्याचं देऊळ आहे. दूरच्या दुब्रोव्हनिकच्या दर्यावर्दींनी ते बांधलं असं सांगतात. रशियात तो व्लासी, गायीगुरांचा रखवालदार. तिथे त्याची चित्रं गोठ्यात टांगत. तिथला गुरांचा जुना देव वेलेस. नावं जुळली आणि त्याचं काम या संताकडे आलं, असं जाणते म्हणतात. म्हणजे आजी त्याला भलतीकडे नेत नव्हती.

शेती गेली तेव्हा बैलजोडी विरारकडच्या एका शेतकऱ्यानं नेली. निघताना आजीनं दाव्यांबरोबर मेणबत्तीचा तुकडाही त्याच्या हातावर ठेवला. तो ख्रिस्ती नव्हता. काही न विचारता त्यानं तो टोपीत खोचला.