धक्का, बेट आणि दिवाणखाना : न्यूयॉर्क बंदरातील उतारूंची तपासणी (१८८२–१९२४)

सागरी सफरीवरून परतणाऱ्या उतारूला बंदरात दोन तपासण्यांतून जावे लागते. जकात-अधिकारी त्याचे सामान पाहतो. परदेशप्रवेश-अधिकारी त्या माणसाकडे पाहतो. या दोन्ही गोष्टी राष्ट्राच्या सीमेवर होतात असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. परंतु बंदराचा इतिहास पाहता सीमेचे स्थान भूगोलापेक्षा उतारूच्या दर्जावरून ठरत आले आहे असे दिसते. न्यूयॉर्क बंदराच्या उदाहरणावरून हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. अमेरिकेने ३ ऑगस्ट १८८२ रोजी केलेल्या कायद्याने प्रत्येक परकीय उतारूमागे ५० सेंट कर बसविला आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचा निर्वाह करू न शकणारे यांना प्रवेश नाकारला. १८९१च्या कायद्याने ही तपासणी संघसरकारच्या हाती आली आणि नाकारलेल्या माणसास परत नेण्याचा खर्च बोटकंपनीवर टाकण्यात आला. १८९३पासून उतारूंच्या तपशीलवार याद्या ३०-३० नावांच्या गटांनी द्याव्या लागत. १९०३मध्ये, निघतानाच ओळखता आला असता असा सांसर्गिक रोग असलेला उतारू आणल्यास १०० डॉलर दंड ठरला. याचा परिणाम उघड होता. दंड टाळण्यासाठी कंपन्या युरोपातील बंदरांतच आपल्या उतारूंची छाननी करू लागल्या. अमेरिकेचा पहिला पहारेकरी अशा रीतीने हांबुर्ग, ब्रेमेन किंवा नेपल्स येथे उभा राहिला. आणि तो सरकारी नोकर नसून बोटकंपनीचा पगारदार होता.

आगबोट न्यूयॉर्कच्या मुखाशी आली म्हणजे क्वारंटाईनसाठी थांबे व आरोग्याधिकारी वर चढत. त्यानंतर परदेशप्रवेश-अधिकारी येत. पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची विचारपूस बोटीवरच, बहुधा थोडक्यात, उरकली जाई. त्यांच्यापैकी आजारी किंवा संशयित तेवढे वेगळे काढीत. बाकीचे धक्क्यावर उतरून शहरात जात. तळवर्गाच्या उतारूंना मात्र त्याच धक्क्यावरून सपाट नावांत बसवून एलिस बेटावर नेत. हे तपासणीकेंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले होते. तेथे डॉक्टर त्यांच्या पापण्या उलटून खुपऱ्या पाहत, संशयितांच्या कपड्यांवर खडूने अक्षरे काढीत. मग यादीतील उत्तरे पुन्हा विचारून ताडून पाहिली जात. १७ एप्रिल १९०७ या एकाच दिवशी तेथे ११,७४७ माणसांची नोंद झाली. नाकारलेल्यांचे प्रमाण सुमारे दोन टक्केच होते. पण ज्या कुटुंबातील एकास परत पाठविले जाई, त्याला या टक्केवारीचे समाधान नव्हते. प्रवेश नाकारण्याच्या कारणांत तिकिटाच्या वर्गाचा उल्लेख कोठेही नव्हता. महाग तिकीट घेणारा सरकारवर भार होणार नाही, हा व्यवहारातील तर्कच येथे नियम होऊन बसला होता.

जकातीचा न्याय याच्या उलट होता. तेथे संशय श्रीमंतांवर असे. वरच्या वर्गाच्या उतारूंची सामानविषयक प्रतिज्ञापत्रे बोटीच्या दिवाणखान्यात भरून घेत. पुढे धक्क्यावर आडनावाच्या आद्याक्षराखाली पेट्या मांडून उघडीत. १८९७च्या जकातकायद्याने परतणाऱ्या रहिवाशास परदेशात घेतलेल्या वस्तूंवर १०० डॉलरांचीच सूट ठेवल्यामुळे पॅरिसचे पोशाख व जवाहीर हा वादाचा विषय झाला. एका खात्याने विश्वासास पात्र ठरविलेला मनुष्य दुसऱ्या खात्याच्या दृष्टीने संशयित होता. फरक एवढाच की, जकातीच्या तपासणीत सापडणारा बहुधा पैसा किंवा माल गमावी. एलिस बेटावर अपात्र ठरणारा देशच गमावी.

रोगाच्या साथीत हा भेद उरत नसे, असा एक आक्षेप घेता येईल. सप्टेंबर १८९२मध्ये पटकीच्या भीतीने हांबुर्गहून आलेली ‘नॉर्मानिया’ अडविण्यात आली, तेव्हा पहिल्या वर्गाचे उतारूही अडकून पडले, हे खरे. परंतु त्या केबिन-उतारूंसाठी फायर आयलंडवरील एक हॉटेल मिळविण्यात आले, आणि स्थानिक रहिवाशांनी विरोध करताच त्यांना उतरविण्यासाठी सैन्य बोलाविण्यात आले. अपवादातही दर्जाचा विसर पडला नाही असेच म्हणावे लागते.

भारतीयांच्या दृष्टीने १९१७चा कायदा महत्त्वाचा आहे. १९१३मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास न्यूयॉर्कला गेले, तेव्हा हा कायदा नव्हता. १९१७मध्ये भारतासह आशियाचा मोठा भाग ‘निषिद्ध प्रदेश’ ठरला. मात्र विद्यार्थी, व्यापारी आणि कुतूहलाने किंवा करमणुकीसाठी प्रवास करणारे यांना त्यातून वगळले होते. मजुराला बंद असलेले दार पर्यटकाला उघडे राहिले. १९२४नंतर मुख्य छाननी परदेशांतील वकिलातींत होऊ लागली, बेटाचे महत्त्व ओसरले आणि नोव्हेंबर १९५४मध्ये ते केंद्र बंद झाले.

वर्गभेदाची ही पद्धत मात्र त्याबरोबर संपली असे म्हणता येत नाही. १ जून २००९पासून लागू झालेल्या नियमांत, एकाच अमेरिकी बंदरातून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीवरील अमेरिकी नागरिकास पारपत्राऐवजी जन्मदाखला व छायाचित्रयुक्त ओळखपत्र चालते. त्याच बोटीवर काम करणाऱ्या परकीय नोकरास किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यासाठी व्हिसा व उतरण्याची परवानगी दोन्ही लागतात. २०२०च्या साथीत सफरी थांबल्या तेव्हा बहुतेक उतारू उतरून घरी गेले, आणि नोकरवर्ग कित्येक आठवडे समुद्रावरच राहिला. त्यांत गोव्याचे अनेकजण होते. बोटीवरून धक्का त्यांना दिसत होता. सीमा मात्र त्यांच्यासाठी बोटीच्या कठड्यापाशीच होती. म्हणून बंदराच्या अभ्यासकाने नकाशापूर्वी उतारूंची यादी वाचावी, आणि त्या यादीबरोबर नोकरांचीही.