कांबळी आणि कायदा

१ फेब्रुवारी १९५४ रोजी आबे पिएर या फ्रेंच धर्मगुरूने रेडिओ लक्झेंबर्गवरून मदतीची हाक दिली. त्याच पहाटे तीनच्या सुमारास पॅरिसच्या एका हमरस्त्यावर एक स्त्री गारठून मेली होती. घरातून काढल्याचा हुकूम तिच्या मुठीत तसाच होता. हाकेतील करुणेला नेमक्या हिशेबाची जोड होती : ५,००० कांबळी, ३०० मोठे तंबू, २०० शेगड्या, त्याही संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी. पांतेऑनच्या पायथ्याशी निवाऱ्याचा एक तंबू तेव्हाच उभा राहिला होता. पाहता पाहता एवढे सामान जमले की, ते साठवायला वापराबाहेर गेलेले ओर्से रेल्वेस्थानक उघडावे लागले.

साहित्याच्या अभ्यासकांना हा धर्मगुरू बहुधा रोलाँ बार्थमुळे ठाऊक असतो. ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात बार्थने त्याची दाढी आणि केशरचना यांचे चिन्ह म्हणून वाचन केले. दानशूरतेची चिन्हे मिरवत समाज न्यायाच्या प्रश्नातून तर सुटका करून घेत नाही ना, ही त्याची शंका. ती आम्हांला रास्त वाटते. पण तेवढ्यावर थांबणे पुरेसे वाटत नाही. कारण त्या हिवाळ्यातली हाक कांबळ्यांपाशी संपली नाही. त्याच महिन्यात फ्रेंच संसदेने तातडीच्या घरबांधणीसाठी १० अब्ज फ्रँक मंजूर केले आणि डिसेंबर १९५६मध्ये हिवाळ्यात भाडेकरूंना घराबाहेर काढण्यास मनाई करणारा कायदा आला. दानाचे न्यायात रूपांतर, अपुरे का होईना, घडले.

पुढे ती प्रतिमाच ढासळली. आबे पिएर २००७मध्ये वारले. त्यांनी लैंगिक अत्याचार केल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांच्या साक्षी २०२४मध्ये त्यांच्याच एमाऊस चळवळीने प्रसिद्ध केल्या. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने २०२५मध्ये ते नाव टाकले. चिन्हावर विसंबणाऱ्या समाजाला बार्थने दिलेला इशारा असा अनपेक्षित रीतीने खरा ठरला. मात्र कायद्याला कोणाच्या पुण्याईची गरज नव्हती, तो टिकला.

आज ती मनाई १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशी असते. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याचे ती हिवाळ्यापुरते राखते. तंबूत पोचलेल्याला ती छप्पर देत नाही. त्याच्या वाट्याला अजूनही कांबळेच येते. ते देणाऱ्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि ते दिल्यावर हात झटकण्याचाही नाही.