तिखाडीची नावं

गेल्या पावसाळ्यात मी मुलीसाठी डास पळवणाऱ्या तेलाची एक बाटली आणली. म्हैसूरच्या नजरबाद भागात आमचं घर आहे. प्राणिसंग्रहालय आणि करंजी तलाव जवळ, झाडी भरपूर, त्यामुळे डासही भरपूर. बाटलीवर ठळक अक्षरांत 'पूर्णपणे नैसर्गिक' असं लिहिलेलं होतं. भाषांतर करणाऱ्या माणसाला मिळेल तो मजकूर वाचायची खोड असते, तशी मी मागची घटकांची यादीही वाचली. त्यात सिट्रोनेला होतं, पामारोझा होतं आणि शेवटी बारीक टाइपात जिरॅनियॉल.

पामारोझा या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. काही वर्षांपूर्वी सुगंधी वनस्पतींवरच्या एका पुस्तिकेचं मराठी करताना तो आला होता. मुदत जवळ आली होती, कोश हाताशी नव्हता, म्हणून 'गुलाबगंधी गवत' असं लिहून मी मोकळी झाले. पुस्तिका छापून आल्यावर कौतुकाने आईला दाखवली. आईचं माहेर शहाद्याचं. तिने वर्णन वाचलं, चित्र पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर तिखाडी! रोशा म्हणतात ना, तो. गुरं हे खाऊन आली की दुधाला वास मारायचा."

तेव्हा मी हसून विषय बदलला. पुढे विल्यम रॉक्सबर्गच्या 'फ्लोरा इंडिका'त या गवताची नोंद वाचली, तेव्हा आईचं वाक्य जवळजवळ तसंच तिथे सापडलं. रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख. तो लिहितो की, या गवताचं बी जनरल मार्टिनने टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात, सैन्याबरोबर बालाघाटात असताना गोळा केलं. गवताची चव इतकी उग्र असूनही गुरं त्यावर तुटून पडतात, आणि त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्याला त्याचा वास येतो, हे मार्टिनच्या लक्षात आलं होतं. हा मार्टिन म्हणजे लखनौचा क्लोद मार्टिन. जन्म फ्रान्सातल्या ल्योंचा, नोकरी इंग्रजांच्या कंपनीची, आणि मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या 'ला मार्टिनिएर' शाळांमुळे आजही ठाऊक असलेला. आपल्या तिखाडीचं शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच पडलं: सिंबोपोगॉन मार्टिनी.

नोंदीतल्या 'बालाघाट' या शब्दापाशी मात्र मी अडखळले. मराठी वाचकाला बालाघाट म्हटलं की बीड-अहमदनगरकडची डोंगररांग आठवते, नाहीतर मध्य प्रदेशातला जिल्हा. पण फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट, घाटाखालचा पाइनघाट. रॉक्सबर्गचा बालाघाट म्हणजे टिपूच्या राज्यातलं घाटमाथ्यावरचं पठार. आमचं म्हैसूरही त्याच पठारावर. भाषांतर करताना गावाचं नाव तसंच ठेवायचं असतं, असा आपला समज असतो. इथे तसंच ठेवलं तर गवत थेट चुकीच्या राज्यात जाऊन उगवतं.

ते युद्ध तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध, १७९० ते १७९२ चं. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला, पण चाऱ्याविना त्याचे तोफा ओढणारे बैल इतके मेले की अवजड तोफा तिथेच निकामी करून त्याला मागे फिरावं लागलं. त्याच सुमारास परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मराठी फौजा घेऊन येऊन मिळाले, आणि त्यांच्या लष्करी बाजारातल्या धान्यावर इंग्रजांची उपासमार टळली. असं युद्ध पाहिलेला माणूस गुरं कोणतं गवत खातात याची नोंद ठेवील, यात नवल नाही.

आणि नजरबाद? टिपूने १७८७ च्या सुमारास म्हैसूरचा जुना किल्ला आणि गाव पाडून, त्याचेच दगड वापरून मैलभर पूर्वेला एका उंचवट्यावर नवा किल्ला बांधायला घेतला, त्याला दिलेलं हे नाव. १७९९ मध्ये टिपू पडला, तेव्हा दगड पुन्हा बैलगाड्यांवर चढले आणि जुन्या जागी म्हैसूर उभं राहिलं. किल्ला गेला, नाव राहिलं. तिखाडीच्या बाबतीत उलटं झालं. गवत जागच्या जागी राहिलं आणि नावं गावोगाव फिरली.

रोशाच्या तेलाचं मोठं केंद्र म्हैसुरात नव्हतं, ते होतं खानदेश आणि निमाडात. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा ही जुन्या नोंदींत पुन्हा पुन्हा येणारी नावं. पाऊस सरता सरता गवत फुलोऱ्यावर आलं की कापणी सुरू व्हायची. नाल्याच्या काठी भट्टी लावायची. मोठ्या हंड्यात पाणी घालून गवत दाबून भरायचं, झाकण पिठाने लिंपायचं, आणि बांबूच्या नळीतून वाफ वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरवायची. पाण्यावर जो तवंग येईल तो तेल. भट्टीवाला आणि व्यापारी यांचा नफा कागदोपत्री सापडतो. सातपुड्यातून भारे डोक्यावर घेऊन येणाऱ्या माणसांची मजुरी शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. आईच्या आठवणीत मात्र तीच माणसं आहेत. तेल कुठे जायचं हे तिला माहीत नाही, पण भारे घेऊन येणाऱ्या भिल्ल बायका घरासमोरून गेल्यावर गल्लीत रेंगाळणारा वास तिला आठवतो.

तेल जायचं मुंबईला. तिथून जहाजाने तांबड्या समुद्रावरच्या अरबी बंदरांना, आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला. तुर्की व्यापारी त्याला 'इद्रिस याघी', म्हणजे इद्रिसचं तेल म्हणत. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळायचं, उन्हात ठेवायचं, की उग्रपणा कमी होऊन गुलाबाचा भास वाढतो. मग ते बल्गेरियातल्या कझानलिकच्या गुलाबखोऱ्यात पोचायचं. तिथे काही कारागीर गुलाबपाकळ्या भट्टीत टाकण्याआधी त्यांवर ते शिंपडत आणि निघालेलं मिश्रण अस्सल गुलाबाचं अत्तर म्हणून विकत. पॅरिस-लंडनच्या उंची कुप्यांतला काही गुलाब शहाद्या-तळोद्याच्या माळावर उगवलेला होता, म्हणायला हरकत नाही.

युरोपातल्या व्यापाऱ्यांनी या तेलाला नाव दिलं 'तुर्की जिरॅनियम तेल'. ते तुर्कस्तानचं नव्हतं आणि जिरॅनियमशी त्याचा वासापलीकडे काही संबंध नव्हता. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या याच प्रकारच्या गवती तेलातून त्याचा मुख्य घटक वेगळा काढला आणि बाजारातल्या नावावरून त्याचं बारसं केलं: जिरॅनियॉल. म्हणजे माझ्या बाटलीवर बारीक टाइपात छापलेला तो शब्द एका चुकीच्या नावाचं अपत्य आहे. माझं 'गुलाबगंधी गवत' त्या परंपरेत अगदी शोभून दिसतं!

आता डासांकडे वळते, कारण बाटली त्यांच्यासाठी आणली होती.

जिरॅनियॉल कीटकांना नावडतं, असं सरसकट म्हणता येत नाही. मधमाश्या स्वतःच आपल्या शरीरात ते तयार करतात आणि पोळ्याकडे किंवा नव्या जागेकडे येण्यासाठी भगिनींना त्याच गंधाने बोलावतात. डासांना मात्र तो मानवत नाही. १९९५ मध्ये दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातले अन्सारी आणि राझदान यांनी रोशा, गवती चहा आणि सिट्रोनेला यांची तेलं माणसांच्या अंगाला लावून चाचणी घेतली. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासांपासून जवळजवळ पूर्ण, तर घरातल्या क्युलेक्स डासांपासून ९५-९६ टक्के संरक्षण मिळालं. हा निष्कर्ष वाचून मी निश्चिंत झाले होते. २००२ सालचा अमेरिकेतला फ्रॅडिन आणि डे यांचा प्रयोग मी नंतर वाचला. त्यात बाजारात मिळणारी सिट्रोनेलाची उत्पादनं बहुतेक वीस मिनिटांच्या आत निष्प्रभ झाली, तर २३.८ टक्के डीट असलेलं रसायन सरासरी पाच तास टिकलं. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी खरे आहेत. पण अमेरिकेतल्या प्रयोगातली उत्पादनं पातळ केलेली होती, आणि मुख्य म्हणजे डास वेगळा होता. तिथे होता एडिस इजिप्ती, दिवसाढवळ्या चावणारा, डेंग्यूचा.

माझी मुलगी सप्टेंबरात डेंग्यूने आजारी पडली. रोज सकाळी शाळेत जाताना मी तिच्या हातापायांना तेल लावत होते. ती शाळेत पोचेपर्यंत ते उडून गेलेलं असणार. महापालिकेची बाई घर तपासायला आली. तिने बाटलीकडे पाहिलंही नाही. सरळ गच्चीवर जाऊन तिने कुंड्यांखालच्या ताटल्या दाखवल्या. सातही ताटल्यांमध्ये पाणी होतं, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. कुंडी गवती चहाची होती हे सांगायला लाज वाटते.

वासाचं तेल काम करतं ते उडून जातं म्हणून. हवेत गेलं तरच ते कीटकाला जाणवणार, आणि हवेत गेलं की संपलं. ही गोष्ट मला नीट कळली ती मुलगी बरी झाल्यावर, म्हैसूरच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत. १८९१ मध्ये चामराजेंद्र वडियारांच्या काळात सुरू झालेल्या या संस्थेत ताडपत्रांच्या हजारो पोथ्या आहेत. ताडपत्राचे दोन वैरी: कोरडेपणाने येणारा ठिसूळपणा आणि कसर. दोन्हींवर इथला उपाय एकच, गवती चहाचं तेल. त्याने पान लवचिक होतं, दमट हवेचं पाणी आत शिरत नाही आणि कसर दूर राहते. कन्नडमध्ये गवती चहाला 'मज्जिगे हुल्लु' म्हणतात, ताकाचं गवत. आपण ते चहात टाकतो, इकडे ताकात, आणि संस्थेत पोथीवर. पोथ्यांच्या खोलीत शिरताच मला पहिल्यांदा भूक लागली.

याच ग्रंथालयात १९०५ मध्ये रुद्रपट्टण शामशास्त्री यांना तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने आणून दिलेली, ग्रंथ लिपीतली एक पोथी मिळाली. ती कौटिल्याचं अर्थशास्त्र निघाली. १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. प. कंगले यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती आज अभ्यासकांच्या हातात असते. पोथी ज्या मुलखातून आली तिथे, तंजावरच्या सरस्वती महालात, मराठी राजा सरफोजीने वाढवलेल्या संग्रहात पोथ्यांजवळ वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत आहे. यातलं काहीही कायमचं नाही. पुरचुंडीचा वास गेला की ती बदलायची, तेल उडालं की पान पुन्हा पुसायचं, आणि हे कुणीतरी पिढ्यानपिढ्या करत राहायचं. कौटिल्याच्या भाषांतरकारांची नावं मुखपृष्ठावर आहेत. तेल लावणाऱ्यांची कुठेच नाहीत, जशी तिखाडीचे भारे आणणाऱ्यांची नाहीत.

बाटली अजून अर्धी आहे. संध्याकाळी अंगणात बसताना मी ती वापरते, अर्ध्या तासाने पुन्हा लावते. ताटल्या दर रविवारी मुलगी उपड्या करते, आणि तिला ते काम मनापासून आवडत नाही. त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे चूक दुरुस्त करायची संधीही मिळाली नाही. माझ्याकडच्या प्रतीत मी 'गुलाबगंधी गवत' खोडून पेन्सिलीने 'तिखाडी, रोशा' असं लिहायला परवा कपाट उघडलं, तर त्या पानाला कसर लागली होती.