पिवळा रंग उतरतो तेव्हा

1904. जर्मनीतलं फ्रायबुर्ग. प्रयोगशाळेत पाऊल टाकताच आटवलेल्या लघवीचा उग्र दर्प तुमच्या नाकात शिरतो. लघवी कुत्र्यांची. फ्रान्झ क्नोपने तिशीही गाठलेली नाही. त्याने या कुत्र्यांना मेदाम्लं खाऊ घातली आहेत, पण प्रत्येकाच्या टोकाला फेनिलचं कडं जोडून. हे कडं कुत्र्याच्या शरीराला फोडता येत नाही, त्यामुळे साखळीचा उरलेला तुकडा त्याच्यासकट बाहेर पडतो.

बशीत स्फटिक बसलेत. वाकून बघा. साखळीत तीन किंवा पाच कार्बन होते तिथे हिप्युरिक आम्ल. चार होते तिथे फेनासिट्युरिक. एकेक कार्बन सुटत असता तर सगळीकडे एकच पदार्थ मिळाला असता! म्हणजे शरीर दर खेपेला दोन कार्बन काढतं. किरणोत्सारी खुणा हाताशी नसताना एक माणूस नुसत्या तर्काने इथवर येतो. मला याहून देखणा प्रयोग ठाऊक नाही.

आता पन्नासेक वर्षं ओलांडा. अमेरिकेतलं मॅडिसन, 1956. क्रेन, बाइनर्ट, ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या यकृतातून एक विकर वेगळं केलंय. द्रावण पिवळं आहे. तो रंग विकराच्या पोटातल्या एफएडी या सहविकराचा. मध्यम लांबीचं, कोएन्झाइम ए जोडलेलं मेदाम्ल त्यात पडतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत पिवळेपणा उतरू लागतो. एफएडीने मेदाम्लाचे दोन हायड्रोजन काढून घेतले. साखळी तोडण्याची ही पहिली पायरी. या विकराला पुढे एमकॅड म्हणू लागतील.

1970च्या दशकातली एक रात्र. युरोपातलं कुठलंही घर. दीड वर्षाचं मूल तापाने फणफणलंय, संध्याकाळपासून जेवलेलं नाही. आई म्हणते, झोपू दे. तुम्हालाही तेच योग्य वाटतं. मध्यरात्रीनंतर यकृतातला ग्लायकोजेन संपत येतो, शरीर मेदाकडे वळतं. पण या मुलाला आईवडील दोघांकडूनही एमकॅडचं बिघडलेलं जनुक आलंय. लांब साखळ्या तुटत तुटत मध्यम लांबीवर येतात आणि अडतात. मेदापासून बनणारे कीटोन पुरेसे तयार होत नाहीत, रक्तातली साखर कोसळते. सकाळी मूल उठत नाही. डॉक्टरांना कारण सांगता येत नाही, कारण हा विकार ओळखला जाईल तो 1980च्या दशकात.

1990च्या दशकात या. नवजात बाळाच्या टाचेतून काढलेलं रक्त टिपकागदावर वाळतंय. मास स्पेक्ट्रोमीटरवर आठ कार्बनांचं ऑक्टॅनॉइल-कार्निटिन वाढलेलं दिसतं, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळ्या अडल्यात. पुढच्या चाचण्यांतून निदान पक्कं होतं. आईवडिलांना बोलावलं जातं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. बाळाला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही. उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं आणि शिरेतून ग्लुकोज सुरू करायचं.